गुलआक्काची पदवी

दातांच्या डॉक्टरला एक वाईट खोड लागते. समोरच्याचं तोंड उघडं ठेवायचं आणि बोलत आपण राहायचं. मी जन्मभर तेच केलं. हवापाणी, निवडणुका, मुलीचं लग्न, देशाचं काय चुकतंय, सगळं मी पेशंटांना सांगितलं आणि त्यांनी निमूट ऐकून घेतलं. उलट बोलणार तरी कसे? गालात कापूस, जिभेखाली नळी. त्यामुळे आपलं म्हणणं लोकांना पटतं असा माझा पक्का समज झाला होता.

घरी मात्र हा समज टिकत नसे. माझी बायको गणिताची शिक्षिका होती आणि तिच्या गालात मी कधी कापूस कोंबला नव्हता.

मी साठीला पोचलो आणि समोरच्या फुटपाथवर नवा दवाखाना सुरू झाला. तिथे बसायच्या खोलीत भिंतभर काचेची पेटी होती आणि पेटीत रंगीत मासे. मासे बघायला मिळावेत म्हणून मुलं दात दुखतो म्हणू लागली. मुलांबरोबर आया गेल्या, आयांबरोबर त्यांच्या सासवा. माझ्या बसायच्या खोलीत करमणुकीला एक कॅलेंडर होतं, तेही मागच्या वर्षाचं. हळूहळू दुपारी पेशंटच्या खुर्चीत मीच झोपायला लागलो. इतकी आरामशीर खुर्ची असूनही लोक तिला का घाबरतात, हे मला खरंच कळेना.

"जरा फिरायला जात जा," ही म्हणाली. "नाहीतर त्या खुर्चीला तुमची मुळं फुटतील आणि काढायची कोणी, हा प्रश्न येईल."

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक जुनी दफनभूमी आहे. तिथे आता कोणाला पुरत नाहीत. झाडं माजलेली, पायवाटा गवताने गिळलेल्या. मी तिथे फिरू लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्यातला इतिहाससंशोधक जागा झाला. तोवर तो माझ्यात आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. हिचं म्हणणं, तो आजही नाही.

झालं असं की, कोपऱ्यातल्या भिंतीजवळ एक दगड तिरका होऊन जमिनीत खचला होता. अक्कलदाढ आडवी येते ना, अगदी तसा. वर शेवाळाचा थर. मी सहज नखाने खरवडलं तर खालून अक्षर निघालं. मग मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातली जुनी हत्यारं घेऊन आलो. मऊ ब्रश, बारीक आकडी, तोंडात घालायचा छोटा आरसा. आरशाने ऊन तिरकं पाडलं की झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात, हा शोध माझा मीच लावला आणि बराच वेळ स्वतःवर खूश होतो. पेशंट म्हणून दगड फार गुणी. कण्हत नाही, थुंकत नाही, 'किती वेळ लागेल' विचारत नाही.

नावाच्या ओळीचा पापुद्रा निघून गेला होता. उरलं होतं फक्त 'गुल'. खाली मधूनमधून शब्द लागत होते. 'दात'. मग बरंच काही खाऊन गेलेलं. मग 'जबडा'. मग 'तोंड'. आणि त्याखाली, मातीत शिरायच्या आधी, स्पष्ट: 'हजारो बायकां'.

आता तुम्हीच सांगा. माझ्या जागी दुसरा कोणी असता, समजा लोहार असता, तर त्याने म्हटलं असतं, काय की बुवा. पण मी दातांचा डॉक्टर. दात, जबडा, तोंड, आणि हजारो बायका! माझ्या अंगावर काटा आला. ही तर बाईमाणूस दंतवैद्य! ज्या काळात बायकांना परपुरुषासमोर तोंड उघडायची चोरी होती, त्या काळात हजारो बायकांचे दात हिने सांभाळले. आणि नाव? 'गुल'च्या पुढे काय येणार? गुलाब. डॉक्टर गुलाबबाई.

मी तिला दोन संध्याकाळींत पदवी दिली, तिच्यासाठी भाड्याची खोली घेतली, लाकडी खुर्ची आणली आणि विरोधकसुद्धा नेमले. तिसऱ्या संध्याकाळी लेख तयार होता. त्यात 'असावी', 'असणार', 'असलीच पाहिजे' हे शब्द जागोजागी होते. गावातल्या सांजदैनिकाने जागा वाचवायला ते कापले. उरला तो इतिहास.

लेख छापून आला आणि पहिला फोन समोरच्या माशांच्या डॉक्टरचा. तोच आमच्या दंतवैद्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता.

"अहो, काय शोध लावलात! आपल्या व्यवसायाला पूर्वजच नव्हते हो. वार्षिक दिनाला आपण तिथे संगमरवरी पाटी बसवू. टूथपेस्टवाली कंपनी सगळं करायला तयार आहे."

ज्या माणसामुळे मी दुपारी झोपत होतो, त्याच्या तोंडून स्तुती ऐकून मला इतका आनंद व्हायला नको होता. पण झाला. मी हिला फोन पुन्हा लावून ऐकवावा की काय, असं वाटलं. पाटी तयार झाली, 'आद्य महिला दंतवैद्या डॉ. गुलाबबाई यांच्या पुण्यस्मृतीस'. गवंड्याने ती कबरीच्या पायथ्याशी सिमेंटात पक्की केली. निमंत्रणं गेली.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात एक बाई दवाखान्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. खालची दाढ ठणकत होती. खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा तो लेख वाचला, त्याबद्दलच..."

"वाचलात? आ करा."

झालं. मी कापूस घातला, नळी लावली आणि सुरू झालो. कीड काढता काढता त्यांना गुलाबबाईंचं सगळं चरित्र सांगितलं, छापलेलं आणि कापलेलंसुद्धा. खुर्ची लाकडी होती, हे सांगितलं. बाईंच्या घशातून आवाज आला.

"दुखतंय?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग जरा कळ काढा. तर समाजाने किती त्रास दिला असेल बघा. पण त्यांची निष्ठा..."

पुन्हा आवाज. या वेळी हातही वर झाला. मी तो प्रेमाने खाली ठेवला. "झालंच," म्हणालो आणि गुलाबबाईंच्या अंत्ययात्रेला किती गर्दी लोटली असेल त्याचं वर्णन केलं.

शेवटी भरणं संपलं. बाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं, नीट घडी घालून रुमाल ठेवला आणि म्हणाल्या, "ती माझ्या आजीची थोरली बहीण. डॉक्टर नव्हती. आणि डॉक्टर, तिला दात नव्हते."

माझ्या हातात आरसा तसाच राहिला.

"गुलाबबाई नाही. गुलआक्का. काड्यापेटीच्या कारखान्यात होती. काडीला गुल लावायचं काम, म्हणून गुलआक्का. खरं नाव आजीलासुद्धा आठवून सांगावं लागायचं."

बाहेर कोणी थांबलेलं नव्हतं. माझ्या धंद्याची तेव्हाची प्रकृती लक्षात घेता त्यात नवल काही नाही. मी माझं बुटकं स्टूल ओढलं आणि बसलो. आणि बहुधा पहिल्यांदाच त्या खोलीत मी गप्प बसलो आणि खुर्चीतलं माणूस बोललं.

कारखान्यात काड्यांचे गठ्ठे पांढऱ्या फॉस्फरसच्या लगद्यात बुडवायचे. कामाला सगळ्या पोरी आणि बायका, कारण बोटं बारीक आणि मजुरी कमी. जेवायचं त्याच टेबलावर, त्याच हातांनी. अंधार पडला की हात मंद चमकायचे. नव्या पोरींना त्याची गंमत वाटायची. मग कधीतरी एखादीचा दात दुखायचा. दात पडला तर भोक भरायचंच नाही. आतलं हाड कुजत जायचं. इतका वास सुटायचा की घरची माणसं तिच्या शेजारी पानावर बसेनात.

हा रोग मी कॉलेजात वाचला होता. परीक्षेत त्यावर टीप लिहून मार्कही मिळवले होते. त्या टिपेला वास होता, हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"कारखान्याला दातांचा डॉक्टर होता," बाई म्हणाल्या. "आठवड्याला यायचा. जिचा दात दुखतो ती सापडली की तो दात उपटायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला कामावरून कमी करायचे. मग बायका दुखणं लपवायला लागल्या. जबडा सुजला तरी फडकं बांधून हसत राहायच्या. आमच्या घराण्यात दंतवैद्य आला तो एवढाच. म्हणून तुमचा लेख वाचून मला जरा... काय म्हणू? हसू आलं, असं म्हणते."

"त्यांचाही जबडा...?"

"खालचा सगळा काढला. त्यानंतर ती गप्प बसेल असं सगळ्यांना वाटलं. तिने उलट काम बंद पाडून बायकांना कारखान्याबाहेर काढलं. ती बोलायची ते लोकांना नीट समजायचं नाही. माझी आजी शेजारी उभी राहून एकेक वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायची. गुलाचा मसाला बदला, जेवायला वेगळी खोली द्या, हात धुवायला पाणी द्या. एवढंच मागणं. चौकशी बसली. तिथे त्या डॉक्टरने सांगितलं, या बायका दात घासत नाहीत, म्हणून त्यांचे दात जातात. तेव्हा गुलआक्का उठली, तोंडाचं फडकं सोडलं आणि म्हणाली, 'साहेब, ब्रश कुठे फिरवू तेवढं दाखवा.' आजीने ते पुन्हा म्हणून दाखवलं. चौकशीतले एक साहेब उठून बाहेर गेले, ते लवकर आत आले नाहीत."

"आणि मसाला बदलला?"

"बदलला. उशिरा, पण बदलला. लोक म्हणतात, नव्या मसाल्याची पहिली काडी तिने ओढली. आजी म्हणायची, थापा आहेत. तेव्हा तिला कूस बदलवत नव्हती."

जाताना त्या दारात थांबल्या. "रविवारी कार्यक्रमाला मी येणार आहे. भांडायला नाही. बसायला खुर्ची असेल ना?"

त्या गेल्या आणि मी अध्यक्षांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"पण जबड्याशी संबंध आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! आपल्याच खात्यातल्या. अहो, पाटी बसली, कंपनीचे लोक येणार, फोटोग्राफर येणार. मेलेल्या माणसाची पदवी तपासायला कोण बसलंय? आणि तोटा कोणाचा होतोय? त्या बिचारीला फुकटात डॉक्टर केलं आपण."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. कामगार बाई ती डॉक्टर, ही बढतीच की. घरी येऊन मी हाच मुद्दा हिच्यापुढे मांडला आणि तो मांडताना माझा आवाज उदार झाला होता.

ही कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात होते. तरीही ती बोललीच.

"बरोबर आहे. मग माझ्या दगडावर लिहा, 'सुखाचा संसार केला.' तपासायला कोण येतंय?"

रविवारी दफनभूमीत सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मागे मोठा फलक, त्यावर एक हसरी दाढ दोन्ही हात पसरून उभी. हात असलेली दाढ मी व्यवसायात कधी पाहिली नाही, पण कंपनीची ती लाडकी असावी. ऑपरेटरबाई दुसऱ्या रांगेत, काठावरच्या खुर्चीत. अध्यक्षांनी माझी ओळख 'संशोधक' अशी करून दिली. हिने खोकल्याचं सोंग केलं.

मी माइकसमोर उभा राहिलो. जन्मभर बोललो, पण समोर सगळ्यांची तोंडं मोकळी असताना बोलायचा मला सराव नव्हता.

"मित्रहो," मी म्हणालो, "ही पाटी चुकीची आहे. चूक माझी. इथे गुलाबबाई नाहीत. कधीच नव्हत्या. त्या मी केल्या."

लोक हसले. त्यांना वाटलं, प्रस्तावना आहे. मग मी कारखान्याचं सांगितलं. भाषण वाईट झालं. मी दोनदा अडखळलो, एकदा रोगाचं शास्त्रीय नाव सांगून मुद्दा पार हरवून बसलो. पण कारखान्याच्या डॉक्टरचं आलं तेव्हा खुर्च्यांची करकर थांबली.

"तर तो आपला पूर्वज," मी म्हणालो. "पूर्वजच हवा होता ना आपल्याला. त्याला हाड कुजतंय हे दिसत होतं. त्याने सांगितलं, घासत नाहीत."

अध्यक्ष उठले. "डॉक्टर, हे बरोबर नाही. त्या काळी शास्त्र एवढं पुढे गेलेलं नव्हतं. त्याला कारण माहीत नसेल."

मी गोंधळलो. हा मुद्दाही मला पटण्याच्या बेतात होता. तेवढ्यात ऑपरेटरबाई बसल्या जागेवरून बोलल्या. माइक लागला नाही.

"माहीत होतं. स्वतःचा डबा तो कारखान्यात उघडत नसे. घरी जाऊन जेवायचा."

फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून उभा होता. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं, मग फलकाच्या दोऱ्या सोडायला लागला. हसरी दाढ हळूहळू गुंडाळली गेली. तिच्याबरोबर अर्धेअधिक लोकही उठले. अध्यक्ष जाणार, अशी माझी खात्री होती. ते गेले नाहीत. माझ्याजवळ आले आणि चिडक्या आवाजात म्हणाले, "आता या पाटीचं काय करायचं ते सांगा. मी उद्घाटक आहे."

"काढायची."

"मग पहार मागवा. उगीच उभे काय राहिलात?"

पाटी निघाली, पण दोन तुकडे होऊन. तिच्याखालची माती उकरली गेली तशी जुन्या दगडाची बुडलेली बाजू दिसू लागली. मी सवयीप्रमाणे ब्रश, आकडी आणि आरसा घेऊन आलोच होतो. गुडघ्यांवर बसलो. अध्यक्ष माझ्या शेजारी बसले, त्यांनी कडक इस्त्रीच्या पँटचा विचार केला नाही, आणि आकडीने अक्षरांतली माती काढू लागले. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पेशंट तिकडे नुसत्या माशांसाठी जात नाहीत.

ऑपरेटरबाई लहान असताना इथे आजीबरोबर आल्या होत्या, पण दगडावर काय आहे ते आजीला वाचता येत नव्हतं आणि त्यांनाही तेव्हा नाही. आता त्या आमच्यामागे वाकून उभ्या होत्या. वरचे खाल्लेले शब्द खालच्या शब्दांच्या आधाराने लागत गेले. शेवटी अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं:

"दात गेले. जबडा गेला. तोंड मिटलं नाही. हजारो बायकांच्या वतीने बोलली. गुल लावणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या बायकांनी हा दगड बसवला."

बाईंनी ते त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग त्यांनी दगडावर हात टेकवला. ही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी काहीतरी समर्पक बोलणार होतो, पण हिने माझ्याकडे पाहिलं आणि मी ब्रश झटकायला घेतला.

नवी पाटी नको म्हणाल्या बाई. "आहे तो दगड सरळ करा. बायकांनी बसवलाय, पुरे आहे." गवंड्याने तो सरळ केला.

सांजदैनिकाला मी खुलासा पाठवला. त्यांनी तो एका जाहिरातीच्या खाली, दोन बोटं जागेत छापला. मथळा दिला: 'दंतवैद्याची चूक'. गावाने मथळा तेवढा वाचला. त्या आठवड्यात उरलेसुरले पेशंटही आले नाहीत. भाजी घेताना एक ओळखीच्या बाई हिला हळूच म्हणाल्या, "चुकून कुठला काढला हो यांनी? वरचा की खालचा?"

पण पुढच्या वर्षी त्या दिवशी आम्ही जमलो. फलक नव्हता, माइक नव्हता, सात-आठ माणसं होती. ऑपरेटरबाईंनी गुलआक्काची गोष्ट सांगितली, काडी ओढल्याची थाप वगळून. त्यांच्या शेजारी राहणारी एक मुलगी बरोबर आली होती. बॅटऱ्यांच्या कारखान्यात काम करते. सगळे निघाले तरी ती घुटमळत राहिली. ओढणी तोंडावर धरून म्हणाली, "डॉक्टरकाका, एक दाखवायचं होतं."

मी तिला घडीच्या खुर्चीवर बसवलं. आरशाने ऊन आत पाडलं. पुढचे दात झिजून काचेसारखे पातळ झाले होते.

"आमच्या खात्यात सगळ्यांचे असेच आहेत," ती म्हणाली. "कंपनीचा डॉक्टर म्हणतो, आंबट खाणं कमी करा."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मी आरसा बाहेर काढला आणि विचारलं, "आणखी काय काय होतं? सगळं सांग."

तिने सांगितलं. तिथली हवा डोळ्यांना झोंबते, वाफेने कपड्यांना भोकं पडतात, पंखा बिघडलाय तो बिघडलेलाच आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चौघीजणी दवाखान्यात आल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या बसायच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. गर्दी आवरेना तेव्हा मी अध्यक्षांना बोलावलं. ते रस्ता ओलांडून आले, बाह्या सरसावल्या. पाचसहा जणी त्यांनी समोर नेल्या. त्या पोरी माशांसमोर बराच वेळ बसल्या होत्या, असं ऐकलं.

हे दात आंबट खाण्याने नाही, ॲसिडच्या वाफेने गेले, असं आम्ही दोघांनी लेखी दिलं. माझं अक्षर कोणाला लागेना, म्हणून हिने सगळं पुन्हा सुवाच्य लिहून काढलं आणि जाता जाता माझी दोन वाक्यं खोडली. आता चौकशी बसली आहे. पंखा दुरुस्त झालाय, बाकीचं काय होतं ते बघायचं. परवा माझी साक्ष आहे. मी कोणता सदरा घालू, असं हिला विचारलं.

"कुठलाही घाला," ती म्हणाली. "फक्त विचारतील तेवढंच बोला."